बाबांसाठी रडू आलं नाही, धर्मेंद्रसाठी आलं. माझं काही चुकतंय का?

आधी प्रश्न थोडक्यात सांगते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. प्रश्न विचारणाऱ्या ताई भांडुपला राहतात, नोकरी करतात. त्यांचे वडील २०२५च्या मार्चमध्ये गेले. अकरा दिवस आयसीयूत होते. हॉस्पिटल, स्मशान, दहावा-तेरावा, नंतरची कागदपत्रं, आईला आपल्याकडे आणणं, सगळं ताईंनी निभावलं, पण रडू आलं नाही. त्याच वर्षी २४ नोव्हेंबरला धर्मेंद्र गेल्याची बातमी आली आणि ताई ऑफिसच्या वॉशरूममध्ये हुंदके देऊन रडल्या. पुढचे कितीतरी दिवस जुनं गाणं कानावर पडलं तरी डोळे भरून यायचे. वडील धर्मेंद्रचे मोठे चाहते होते. नवरा म्हणाला, "बाबांच्या वेळी डोळ्यातून टिपूस नाही, आणि आता एका हिरोसाठी एवढं?" त्यावर ताई विचारतायत, "मी वाईट मुलगी आहे का? की माझं डोकं ठिकाणावर नाही?"

ताई, मी मुंबईत बरीच वर्षं समुपदेशनाचं काम करते. घरातलं माणूस गमावलेली माणसंच माझ्याकडे जास्त येतात. तुमच्या दोन्ही प्रश्नांना माझं उत्तर 'नाही' असंच आहे. पण तेवढ्याने तुमचं समाधान होणार नाही, कारण मला वाटतं, तुम्हाला खरं विचारायचंय ते वेगळंच आहे. धर्मेंद्रसाठी का रडले यापेक्षा, बाबांसाठी रडले नाही म्हणजे माझी माया कमी पडली का, ही भीती तुम्हाला खातेय. आणि त्या भीतीचं मूळ तुमच्याच पोस्टमधल्या एका ओळीत आहे. तुम्ही जाता जाता लिहिलंय, "लग्नावरून बाबा दोन वर्षं माझ्याशी बोलत नव्हते, पण नंतर सगळं ठीक झालं होतं." या ओळीकडे मी परत येईनच.

त्याआधी, मार्च ते नोव्हेंबर तुम्ही काय करत होतात ते बघू. मुंबईत घरातलं माणूस गेलं की दुसऱ्या दिवसापासून एक प्लास्टिकचं फोल्डर घरात वावरायला लागतं. त्यात मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती, आधार-पॅनच्या झेरॉक्स, बँकेचं पासबुक, नॉमिनीचे फॉर्म, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, आईच्या फॅमिली पेन्शनचा अर्ज. वॉर्ड ऑफिसला खेप, दाखल्यातलं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही म्हणून परत खेप. बँकेत काउंटरवरचा माणूस विचारतो, "डेथ कधी झाली?" आणि आपण तारीख सांगतो, जणू गॅसचा नंबर लावायला आलोय. घरात हे फोल्डर ज्याच्या हातात येतं, ते माणूस बहुतेक वेळा रडत नाही. ते कठोर असतं म्हणून नव्हे. त्याने रडायला बसून चालणारच नसतं. वर "आता आईला तूच सांभाळ" हे वाक्य भेटायला आलेल्या प्रत्येकाने जाताना ऐकवलेलं असतं. नोकरी खासगी असेल तर तेरावा व्हायच्या आधीच मॅनेजरचा फोन येतो.

दुःखाचे पाच टप्पे तुम्ही कुठेतरी वाचले असतील. नकार, राग, घासाघीस, खिन्नता, स्वीकार. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी ते १९६९मध्ये मांडले, पण स्वतःच मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांनी याच क्रमाने जायला हवं, असा नियम त्यातून निघत नाही. तुमचा 'नंबर' कुठल्या टप्प्यावर आहे, हे शोधत बसू नका. मला स्वतःला जास्त उपयोगी पडतं ते मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांनी १९९९मध्ये मांडलेलं म्हणणं. शोक करणारं माणूस दोन कामांत ये-जा करत असतं. एक काम गेलेल्या माणसासाठी झुरण्याचं, आठवण्याचं, रडण्याचं. दुसरं, बदललेलं आयुष्य पुन्हा मार्गी लावण्याचं. ही ये-जा चालू असणं हीच प्रकृती बरी असल्याची खूण. तुमच्या वाट्याला आठ महिने फक्त दुसरं काम आलं. ते तुम्ही चोख केलंत. पहिल्यासाठी ना वेळ मिळाला, ना कुणी तुम्हाला मोकळं केलं.

मग हे पहिलं काम धर्मेंद्रच्या बातमीनेच का सुरू व्हावं? याचं सगळ्यांना लागू पडेल असं एकच उत्तर नाही. तुमचा स्वभाव, बाबांशी असलेलं नातं, ते कसे गेले, घरात त्या वेळी कोण होतं, या सगळ्यावर ते अवलंबून आहे. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला जे दिसतं ते सांगते. तुम्हाला पटलं तरच घ्या.

धर्मेंद्रशी तुमचं काहीच घेणंदेणं नव्हतं. त्यांच्याशी कधी भांडण नव्हतं, अबोला नव्हता. त्यांना व्हेंटिलेटरवर ठेवायचं की नाही या कागदावर तुम्ही सही केली नव्हती. त्यांच्या खोकल्याने रात्रीची झोप मोडली म्हणून तुम्ही मनातल्या मनात कधी वैतागला नव्हतात. म्हणून त्यांच्यासाठी रडणं सोपं गेलं. ते निर्भेळ दुःख होतं. बाबांच्या दुःखात मात्र माया आहे, राग आहे, थकवा आहे, आयसीयूचे ते अकरा दिवस एकदाचे संपले याची सुटकाही असेल, आणि त्या सुटकेची लाज. इतकं सगळं एकत्र आलं की काय वाटतंय तेच कळेनासं होतं आणि माणूस गप्प होतं. जिथे माया कमी तिथे रडू कमी, हा हिशोब मी माझ्या कामात खरा ठरलेला पाहिलेला नाही. उलट ज्यांचं नातं गुंतागुंतीचं होतं, त्यांचंच रडू बहुतेक वेळा उशिरा येतं आणि भलत्याच ठिकाणी येतं. लोकलमध्ये, भाजी घेताना, दुसऱ्याच कुणाच्या लग्नात.

शिवाय ती बातमी कशी आली होती, आठवा. ११ नोव्हेंबरला ते गेल्याची खोटी बातमी सगळीकडे पसरली. मग घरच्यांनी सांगितलं, ते आहेत, प्रकृतीत सुधारणा आहे. लोकांनी सुस्कारा सोडला. दोन आठवड्यांच्या आत, नव्वदावा वाढदिवस तोंडावर असताना, ते खरंच गेले. विलेपार्ल्याच्या स्मशानभूमीत अंत्यसंस्कार झालेसुद्धा, लोकांना नीट कळेपर्यंत सगळं आटोपलं होतं. आज बरे, उद्या गंभीर, परवा पुन्हा बरे, आणि मग एकदम शेवट. आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर बसून तुम्ही हेच भोगलंय. शरीराला ते ओळखीचं वाटलं असेल तर नवल नाही.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण आमच्या क्षेत्रातले लोकही ती पटकन विसरतात. आवडत्या कलावंतासाठी येणारं रडू प्रत्येक वेळी 'खरं तर' दुसऱ्या कुणासाठी असतं, असं नाही. काही वेळा ते त्या कलावंतासाठीच असतं, आणि तेही रीतसर दुःखच आहे. तुमच्याच घरात बघा. रविवारी संध्याकाळी दूरदर्शनवर हिंदी पिक्चर लागायचा, चाळीतली निम्मी पोरं तुमच्या घरात येऊन बसायची आणि धर्मेंद्र पडद्यावर आला की बाबा पोरांना गप्प करायचे, असं तुम्ही लिहिलंय. तो चेहरा तुम्ही लहानपणापासून पाहत आलात. काही चुलत्या-मामांपेक्षाही त्याचा सहवास तुम्हाला जास्त लाभला. टीव्ही नवा होता तेव्हा, १९५६मध्ये, डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकन अभ्यासकांनी अशा एकतर्फी ओळखीवर लिहिलं होतं. समोरचा आपल्याला ओळखत नाही हे पक्कं ठाऊक असतं, तरी तो ओळखीचा वाटतो. यात वेडेपणा काही नाही.

आणि न भेटलेल्या माणसाचा शोक कसा करावा हे मुंबईला कुणी शिकवायला नको. त्याच १९५६च्या डिसेंबरात बाबासाहेबांवर दादर चौपाटीला अंत्यसंस्कार झाले. आजही सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो लोक येतात, आणि त्यातले बहुतेक १९५६नंतर जन्मलेले असतात. एका नटाची आणि बाबासाहेबांची तुलना मी करत नाहीये, ती होऊच शकत नाही. एवढंच म्हणतेय, की माणूस प्रत्यक्ष भेटला नाही म्हणून त्याच्या जाण्याचं दुःख खोटं, असं या शहरात तरी कुणी म्हणू नये.

लता मंगेशकर गेल्या त्यानंतरच्या आठवड्यातली एक बाई मला नेहमी आठवते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) तिची आई २०२०च्या मे महिन्यात कोविडने गेली होती. चेहरा पाहता आला नाही, पिशवीत गुंडाळलेला देह लांबूनच दिसला. अंत्यविधीला घरातले जेमतेम दोघं. दहाव्याला कुणी नाही, भेटायला कुणी नाही. त्यानंतर ती अजिबात रडली नव्हती. ६ फेब्रुवारी २०२२च्या संध्याकाळी टीव्हीवर शिवाजी पार्क दिसत होतं. तिरंग्यात गुंडाळलेलं पार्थिव, फुलं, रांगेत उभी माणसं, मंत्र, अग्नी. ती मला म्हणाली, "आईला यातलं काहीच मिळालं नाही हो." ती दीदींसाठी रडत होती आणि आईसाठीही रडत होती. किती टक्के कुणासाठी, हे मी तिला विचारलं नाही. विचारून उपयोग नसतो. पण त्यानंतर ती पहिल्यांदा आईबद्दल बोलायला लागली, आणि दोन वर्षांनी का होईना, तिने आईच्या मैत्रिणींना घरी जेवायला बोलावलं. चार म्हाताऱ्या बायका तिच्या आईच्या आवडीची डाळिंबी उसळ खात आईच्या खोड्या सांगत बसल्या होत्या. जे २०२०मध्ये राहून गेलं होतं ते असं झालं.

तर आता तुम्ही काय करावं, याकडे येते.

रडू थांबवू नका, पण ते केव्हा यावं हे मोबाइलला ठरवू देऊ नका. कुणी मोठं माणूस गेलं की आठवडाभर रीलवर तेच फोटो, तीच रडकी धून, हॉस्पिटलबाहेरचे तेच कॅमेरे. त्याने माणूस रडतं, पण हलकं होत नाही, नुसतं पिळून निघतं. त्यापेक्षा एखाद्या सुट्टीच्या दुपारी आईला घेऊन बसा आणि बाबांच्या आवडीचा धर्मेंद्रचा एक पिक्चर अख्खा बघा. आईला विचारा, हा पहिल्यांदा कुठल्या टॉकीजला पाहिला, तिकीट कुणी काढलं, बरोबर कोण होतं. तुम्ही लिहिलंय की आई बाबांचा विषयच काढत नाही. थेट "आई, तुला बाबांची आठवण येते का" असं विचारलं की त्या पिढीतल्या बायका पदराने डोळे पुसून स्वयंपाकघरात निघून जातात. पिक्चरबद्दल विचारलं तर बोलतात. बाबा मिलमधून पाळी बदलून मॅटिनीला कसे जायचे, हे तुम्हाला आईशिवाय दुसरं कोण सांगणार? या आठवणी निघणं म्हणजे जखमेवरची खपली काढणं, असं मानू नका. गेलेल्या माणसाशी नातं तोडून पुढे जायला हवं, असं पूर्वी आमच्याकडेही मानायचे. आता तसं मानत नाहीत. माणूस जातं, नातं रूप बदलून राहतं, आणि ते राहू देण्यात काही वावगं नाही.

आता त्या दोन वर्षांच्या अबोल्याकडे. नंतर सगळं ठीक झालं होतं, असं तुम्ही म्हणता, आणि झालं असेलच. पण आपल्या घरांत 'ठीक होणं' म्हणजे बहुतेक वेळा बोलणं सुरू होणं. बाप एक दिवस फोन करून विचारतो, "रविवारी मटण आणतोय, येताय ना?" तीच त्याची माफी. मुलगी येते, जेवते, तोच तिचा होकार. ते खरंच असतं, मी त्याला कमी लेखत नाही. पण ज्यावर दोन वर्षं गेली, त्याबद्दल एक शब्द कुणी उच्चारलेला नसतो. बाबा असते तर कदाचित तो कधी बोलायची गरजही पडली नसती. ते गेल्यावर मात्र तो शब्द तुमच्या एकटीकडे उरला.

म्हणून बाबांना पत्र लिहा. वहीत, हाताने, मराठीत, बाबांशी बोलायचात त्याच भाषेत. पहिल्या पानावर 'तुम्ही फार चांगले होतात' असंच येईल, येऊ द्या. नंतर खरं येईल. त्या दोन वर्षांत दिवाळीला मी फोन केला तर तुम्ही का उचलला नाहीत, असं काहीतरी. राग आला तर तोही लिहा. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, ही रीत चारचौघांत ठीक आहे, वहीत पाळू नका. मी हे अनेकांकडून करून घेतलंय आणि बाबांसाठीचं रडू जर कुठे अडकलं असेल, तर ते बहुतेक वेळा या रागाच्या मागेच असतं. पत्राचं पुढे काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. कुणाला दाखवलं पाहिजे असं नाही. आणि लिहूनही रडू आलंच नाही, तरी काही बिघडलं नाही. काही माणसं रडत नाहीत. ती वडिलांचं घड्याळ दुरुस्त करून वापरतात, त्यांच्या कुंड्यांना पाणी घालतात. तोही शोकच.

ते फोल्डर भावाकडे द्या. सगळं नाही तर निम्मं. 'तो काही करणार नाही' असं तुमच्या मनात येईल. उशिरा करेल, दोन खेपा जास्त मारेल, पण करेल. वडील त्याचेही होते, आणि त्यालाही काहीतरी करायला मिळायला हवं.

नवऱ्याच्या बोलण्याबद्दल. ते वाक्य लागण्यासारखं आहे, लागलं ते बरोबरच. पण त्याच्या बाजूनेही जरा बघा. आठ महिने बायको कोरड्या डोळ्यांनी वावरतेय हे तो पाहत होता. काय बोलावं हे त्याला तेव्हाही सुचलं नसेल आणि आताही नाही. त्याला समजावून सांगायच्या भानगडीत पडू नका. "मी बाबांसाठीच रडतेय, पण मला ते तेव्हा जमलं नाही," एवढं एकदा सांगा, आणि काय हवंय ते स्पष्ट सांगा. शनिवारी दोन तास आईला आणि मुलाला तो बघेल, तुम्ही एकट्याच फिरायला जाल, असं काहीतरी ठोस. भावना कळल्या नाहीत तरी काम सांगितलं की करणारे नवरे मी खूप पाहिलेत. आणि मुलापासून रडू लपवू नका. "आजोबांची आठवण आली" असं सरळ सांगितलं की नऊ वर्षांच्या मुलाला ते पुरतं. लपवलं तर तो भलतंच काहीतरी कल्पतो.

डोकं ठिकाणावर आहे का, याबद्दल. तुम्ही कामावर जाताय, जेवताय, झोपताय, मुलाच्या शाळेच्या कार्यक्रमाला गेलात तेव्हा हसलात असंही लिहिलंय. मला यात आजार दिसत नाही. काळजी केव्हा करायची तेही सांगते. गेलेल्या माणसाची तीव्र ओढ रोज, दिवसातला बराचसा वेळ व्यापून राहते. ते गेलेत हे मन मानतच नाही. कामधंदा, घर, माणसं कशातही परतता येत नाही. जगण्यात काही राम उरला नाही असं सतत वाटतं. असं महिनोन् महिने चाललं तर ते नुसतं दुःख राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत अशा लांबलेल्या शोकाची वेगळी नोंद आहे, आणि त्यासाठी किमान सहा महिन्यांची मुदत धरलीय. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ मोठ्या माणसांसाठी वर्षभराची धरतात. पण नुसते महिने मोजून काही ठरत नाही, दिवस कसा जातोय ते बघावं लागतं. ही लक्षणं तुमच्या आईत दिसतायत का, यावर मात्र लक्ष ठेवा. ती जेवते का, रात्री जागी असते का, शेजारणीकडे जाणं तिने सोडलंय का. तशी शंका आली तर केईएम किंवा नायरच्या मानसोपचार ओपीडीत तिला घेऊन जा, खर्च फारसा येत नाही. आणि कुणाच्याही मनात, तुमच्या किंवा आईच्या, जीव नकोसा झाल्याचा विचार आला तर त्याच दिवशी १४४१६ या टेलीमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनच्या क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं.

शेवटचं, मार्चमधल्या वर्षश्राद्धाबद्दल. पहिलं वर्ष भरायच्या आधीचे पंधरा दिवस अवघड जातात, त्या दिवसापेक्षाही जास्त. त्या काळात ऑफिसात मोठं काम अंगावर घेऊ नका. हॉस्पिटलमधल्या त्या अकरा दिवसांच्या तारखा येतील तेव्हा चिडचिड होईल, पोटात गोळा येईल, आधीच माहीत असलं म्हणजे घाबरायला होत नाही. आणि या वेळी सगळी व्यवस्था तुम्ही बघू नका. गुरुजी, सामान, जेवणाची ऑर्डर, पाहुण्यांचे फोन भावाने आणि नवऱ्याने वाटून घ्यावेत. हे जानेवारीतच दोघांना सांगून ठेवा. विधीत तुम्हाला स्वतःच्या हाताने काही करायचं असेल तर गुरुजींना आधी विचारा, हल्ली बरेच जण मुलीच्या हातूनही करून घेतात. नसेल करायचं, तर पान वाढायला उठू नका. आईशेजारी बसा.